कान ऐकण्यात, हात कामात: वाचकांचे प्रश्न

रेडिओ, पॉडकास्ट आणि बोलकी पुस्तके यांविषयी सोलापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अडचणीची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी आकाशवाणी सोलापूर बऱ्यापैकी लागते. संध्याकाळी दिवे लागले की खरखर सुरू होते. रेडिओ तर नवा आहे. दोष कुठे असेल?

उत्तर: दिवे लागले की खरखर सुरू होते, हे तुम्हीच लिहिले आहे आणि बहुधा तेच कारण आहे. एलईडी बल्बच्या बुडात एक छोटे सर्किट असते. ते वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. या उघडझापीतून रेडिओ लहरी निघतात आणि घरच्या वायरिंगमधून पसरतात. चांगल्या बल्बमध्ये त्या अडवणारा फिल्टर असतो, अगदी स्वस्त बल्बमध्ये पैसे वाचवण्यासाठी तो वगळलेला असतो. मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांचाही असाच उपद्रव होतो.

खात्री करण्यासाठी रेडिओ सेलवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद करायला विसरू नका, नाहीतर मेन बंद होताच तो आपोआप सुरू होतो आणि चाचणी फसते. खरखर थांबली तर कारण घरातच आहे. मग एकेक एमसीबी (मेन बोर्डातले एकेका खोलीचे स्विच) चालू करत जा. ज्या खोलीची वीज आली आणि खरखर परत सुरू झाली, तिथले बल्ब आणि चार्जर एकेक काढून पाहा. दोषी बल्ब बदला. ते जमत नसेल तर रेडिओ त्याच्यापासून दोन-तीन मीटर लांब, खिडकीकडे सरकवा. एवढ्याने बहुतेकांचे काम होते.

सगळे बंद करूनही खरखर राहिली, तर उपद्रव शेजारून येतोय किंवा लहरीच कमी पोचताहेत. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या लहरी अडवतात आणि पत्र्याच्या घरात तर हा त्रास जास्तच. अशा वेळी अँटेना सुधारा. सोलापूर केंद्र एफएमवर १०३.४ मेगाहर्ट्झला आहे, म्हणजे लहरीची लांबी साधारण २.९ मीटर. एकेरी तार तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे ७२ सेंटिमीटर असली की चांगली पकडते. लहान रेडिओची दांडी बहुधा याहून आखूड असते. म्हणून ७२ सेंटिमीटर लवचीक तार घ्या, एका टोकाचे प्लॅस्टिक सोलून तिथे क्रोकोडाइल क्लिप लावा, दांडी पूर्ण मिटवून क्लिप तिला पकडवा आणि तार खिडकीच्या चौकटीशी उभी चिकटवा. मग आडवी करून पाहा. ज्या स्थितीत आवाज स्वच्छ येईल तीच ठेवा. तार लोखंडी गजाला मात्र टेकू देऊ नका.

म्युझिक सिस्टीमच्या मागे अँटेनाचे दोन स्क्रू असतील तर याहून चांगले जमते. दोन पदरी वायर घ्या, एका टोकाचे पदर ६९-६९ सेंटिमीटर सुटे करा, जिथे सुटले तिथे गाठ मारा आणि ते भिंतीवर आडवे, विरुद्ध दिशांना ताणून लावा. खाली आलेल्या वायरचे दोन पदर दोन स्क्रूंना जोडा. सिस्टीमवर स्टिरिओ-मोनोचे बटण असेल तर मोनो निवडा. मागचा सुस्कारा लगेच कमी होतो आणि बातम्या-भाषणांसाठी स्टिरिओची गरजही नसते.

केंद्राच्या प्रक्षेपण मनोऱ्याजवळ राहणाऱ्यांची तक्रार याच्या उलट असते. एकच केंद्र तीन ठिकाणी लागते आणि बाकीची दबून जातात. त्यांनी दांडी मिटवून ठेवावी.

प्रश्न: मिडियम वेव्हवर पुणे केंद्र लावायचे आहे. दांडी कितीही ओढली तरी फरक पडत नाही.

उत्तर: पडणारच नाही. मिडियम वेव्हची अँटेना रेडिओच्या पोटात असते, तार गुंडाळलेल्या फेराइटच्या काळ्या कांडीत. दांडी फक्त एफएमसाठी (आणि असेल तर शॉर्ट वेव्हसाठी) असते. मिडियम वेव्हला अख्खा रेडिओच सावकाश फिरवायचा. कांडीची लांब बाजू केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज सर्वांत मोठा होतो, टोक केंद्राकडे गेले की पडतो. हाच गुण खरखरीवरही वापरता येतो. कांडीचे टोक उपद्रवी यंत्राकडे करा, खरखर दबते.

दूरची केंद्रे रात्रीच जास्त लागतात. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर या लहरी शोषून घेतो, सूर्यास्तानंतर तो विरतो आणि त्याहून उंच थरावरून परावर्तित होऊन लहरी लांब पोचतात. आवाज मध्येच लाटेसारखा चढतो-उतरतो तोही त्यामुळेच.

रेडिओ डिजिटल असेल आणि परदेशातून आलेला असेल तर एक सेटिंग तपासा. आपल्याकडे मिडियम वेव्हची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. पुणे ७९२ वर आहे. १० च्या पायरीवर असलेला रेडिओ ७९० वरून थेट ८०० वर जातो आणि केंद्र धड लागत नाही. बऱ्याच रेडिओंत ही पायरी बदलता येते, रीत माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

प्रश्न: कुंभारीत आम्ही पाच-सहाजणी दुपारी एकत्र बसून विड्या वळतो. एकीच्या फोनवर कथा लावतो, पण कडेला बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. डेटाही भराभर संपतो.

उत्तर: ताई, हाताने तंबाखूचे काम करता करता ऐकण्याला मोठी परंपरा आहे. क्युबातल्या हवाना शहरात १८६५ पासून चिरुटांच्या कारखान्यांत वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारे वाचक असत आणि त्यांचे पैसे कामगार स्वतः वर्गणी काढून देत. तुम्हीही वर्गणी काढून एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या. पाच वॅटचा पुरतो. विकत घेताना पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावायची सोय आहे ना ते पाहा.

स्पीकर जमिनीवर किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका. तिथे जड, घुमणारा आवाज वाढतो आणि शब्द त्याच्याखाली दबतात. बसल्यावर कान जिथे येतात तेवढ्या उंचीच्या स्टुलावर, गोलाच्या मध्ये ठेवा. बास कमी करा. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे आणि व्यंजने बारीक आवाजाच्या पट्ट्यात असतात. आवाज वाढवण्यापेक्षा बास उतरवल्यानेच जास्त फरक पडेल. तंबाखूची भुकटी जाळीत बसू नये म्हणून वर एकेरी पातळ सुती कापड टाकावे.

डेटाचा हिशेब सोपा आहे. बोलण्याच्या कार्यक्रमाला ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) दर्जा पुरतो. त्यात तासाला सुमारे २९ एमबी जातात, १२८ ला दुप्पट, सुमारे ५८. तोच कार्यक्रम व्हिडिओच्या ॲपवर चित्रासकट चालवला की याच्या कितीतरी पट जातात. डेटा बहुतेक वेळा तिथेच संपतो. म्हणून पॉडकास्टचे ॲप वापरा, दर्जा कमीवर ठेवा आणि भाग आदल्या रात्रीच उतरवून घ्या.

ज्या फाइली मोकळेपणाने उतरवून घेता येतात, त्या पेन ड्राइव्हवर भरल्या तर फोनही मोकळा राहतो. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये (फॉरमॅट करताना निवडायची एक पद्धत) फॉरमॅट केलेला हवा, फाइली एमपी-थ्री हव्यात आणि प्रत्येकीच्या नावाआधी दोन अंकी क्रमांक हवा. नुसता १ लिहिला तर कित्येक स्पीकर १ नंतर २ न वाजवता १० वाजवतात आणि कथेचा शेवट आधीच कळतो. बंद केल्यावर कुठे थांबलो होतो हे स्वस्त स्पीकर विसरतात, म्हणून तासाभराच्या एका फाइलीपेक्षा पंधरा-वीस मिनिटांचे भाग बरे. एक भाग संपला की विड्या मोजायलाही विसावा मिळतो.

प्रश्न: यंत्रमागावर काम करताना इअरफोन लावून पुस्तक ऐकले तर चालेल का? वेळ फार जातो.

उत्तर: नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज साधारण ९० डेसिबलच्या वर असतो. त्यावर मात करून शब्द कळायचे तर इअरफोन त्याहून मोठा लावावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, ९० चा फक्त ४ तास. म्हणजे पुस्तक न लावताही तुमच्या कानांवर आधीच जादा भार आहे. शिवाय ताण्याचा (उभा) धागा तुटला किंवा आडवा धागा नेणारा धोटा बिघडला की मागाचा आवाज बदलतो आणि कारागिराला तो आधी कानाने कळतो. तो बुजवणे धोक्याचे. लोंबणारी वायर फिरत्या भागात अडकते ती वेगळीच.

शेडमध्ये इअरप्लग वापरा, फोमचे असतील तर बोटांनी वळून बारीक करून घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. पाळी संपल्यावर कान काही वेळ बधिर असतात आणि नकळत आवाज मोठा ठेवला जातो. घरी जाऊन, जेवण आटोपून, शांत खोलीत स्पीकरवर ऐका.

प्रश्न: ब्लूटूथ इअरफोन लावून फोनमधला एफएम सुरू होत नाही.

उत्तर: फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायर हीच अँटेना लागते. वायरचा इअरफोन खोचा, मग सेटिंगमधून आवाज स्पीकरवर घ्या. पुष्कळ नव्या फोनमध्ये एफएमची सोयच नसते. तिथे प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची केंद्रे इंटरनेटवरून ऐकता येतात, फक्त डेटा जातो आणि आवाज काही सेकंद मागे असतो. रेडिओशी घड्याळ लावायची सवय असेल तर हे लक्षात ठेवा.

प्रश्न: आजींना आता अक्षर दिसत नाही. जन्मभर वाचनाची आवड. टचचा फोन त्यांना जमत नाही.

उत्तर: बटणांचा फोन किंवा मेमरी कार्डवर चालणारा छोटा प्लेअर द्या. सुरू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका वाळवून ठेवा, बोटाला लगेच लागतो. रात्री ऐकत झोप लागत असेल तर वीस मिनिटांचा स्लीप टायमर लावा, नाहीतर सकाळी पुस्तक कुठल्या कुठे गेलेले असते. निवेदन भरभर वाटले तर वेग ०.९ करा. ०.८ च्या खाली आवाज ओढल्यासारखा होतो. पुस्तक घेताना ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे तपासा आणि पाच मिनिटांचा नमुना आजींनाच ऐकवा. निवेदकाचा आवाज त्यांना पटला पाहिजे.

छापील वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन सदस्यत्वासाठी अर्ज करा. तिथली डेझी पद्धतीची पुस्तके त्यासाठीच्या प्लेअरवर प्रकरणानुसार पुढे-मागे नेता येतात, शिवाय खूण ठेवता येते. पहिले पुस्तक मात्र आजींनी पूर्वी वाचलेले, आवडीचे निवडा. मध्ये डुलकी लागली तरी धागा सुटत नाही.