क्लॅव्हिओलिनची पेटी बांधताना

जुन्या क्लॅव्हिओलिनसाठी, म्हणजे त्या व्हॉल्व्हवाल्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डसाठी, स्पीकरची पेटी तू स्वतः बांधतोयस, हे ऐकून फार बरं वाटलं. संगीतकार कल्याणजींनी १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातला बीनचा तो आवाज याच वाद्यातून काढला. त्या आवाजात पेटीचाही वाटा असतो, तेव्हा घाई नको.

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) अजिबात घेऊ नकोस, मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. मरीन प्लाय (ओलाव्यात टिकणारं प्लायवुड) घे, कापलेल्या कडांना सीलर लाव. मूळ पेटीचे फोटो मिळव आणि पाठ किती उघडी आहे ते नीट बघ. ती बंद केलीस तर खर्ज बदलतो, शिवाय अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हची (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांची) उष्णता आत कोंडते.

स्पीकर हलक्या कागदी कोनचाच हवा. गाडीतला वूफर इथे मुका वाटेल. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नुसतं ‘आठ इंची द्या’ म्हणू नकोस, अँप्लिफायरच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जुळणारे ओहम (विद्युत रोधाचं माप) सांग. आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण सहा-सात दाखवतो, त्याने गोंधळू नकोस.

आणि हे मात्र पाळच: प्लग काढल्यावरही अँप्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतदाब उरतो. रेझिस्टर लावून तो उतरव, मीटरने खात्री कर, मगच हात घाल. स्पीकर जोडल्याशिवाय अँप्लिफायर चालू करू नकोस, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.