लस माझ्या दंडात, मग निर्णय घरादाराचा कसा?

“लस माझ्या दंडात टोचणार, तर घ्यायची की नाही ते मीच ठरवणार ना? मग घरचे मला गुन्हेगार का ठरवतात?” कोविडच्या काळात समुपदेशनाला आलेल्या अनेकांनी हा प्रश्न विचारला. गोवराच्या, फ्लूच्या लशीचा विषय घरात निघाला की तो आजही विचारला जातो. पुढची केस दोन-तीन घरांच्या हकिगती एकत्र करून, तपशील बदलून मांडली आहे.

२०२१ ची दिवाळी नुकतीच सरली होती. डोंबिवलीतलं वन बीएचके. आई ६२ वर्षांची, तीन वर्षांपूर्वी किडनी बदललेली, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोजच्या. थोरली मुलगी शिक्षिका. धाकटा मंगेश (नाव बदललं आहे) ३१ वर्षांचा, अंधेरीला अकाउंट्समध्ये. जुलैच्या सुरुवातीला त्याने कोविशील्डचा पहिला डोस घेतला. दुसरा ८४ दिवसांनंतर घ्यायचा होता, तो घेतलाच नाही. १५ ऑगस्टपासून लोकलचा पास दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच मिळत होता, म्हणून मंगेश बस बदलत बदलत अडीच तासांनी ऑफिस गाठायचा. कंपनी सर्टिफिकेट मागत होती. ताई घरात म्हणाली, “आईला काही झालं तर ते तुझ्यामुळे.” त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

दोघं समुपदेशनाला एकत्र आले, तरी पहिली भेट वेगवेगळी घेतली. एकत्र बसवलं असतं तर खटला चालला असता. मंगेशशी पहिली ४० मिनिटं लशीच्या बाजूने एक वाक्यही बोलायचं नाही, हे ठरवून ठेवलं होतं. त्याने घटनेतले हक्क सांगितले, जबरदस्तीबद्दल सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं: पहिल्या डोसनंतर तासातासाला काय झालं?

दहा तासांनी ताप, १०२ पर्यंत. छातीत धडधड. घड्याळात नाडी ११८. मग मोबाइलवर रक्ताच्या गुठळ्यांचे फॉरवर्ड. रात्री दोनला रिक्षाने कॅज्युअल्टी. ईसीजी नॉर्मल. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या डोससाठी तो केंद्रापर्यंत गेला, रांग पाहिली आणि फाटकातूनच परत फिरला. हे त्याने ताईला सांगितलं नव्हतं. “घाबरलो” म्हणण्यापेक्षा “माझा हक्क आहे” म्हणणं त्याला सोपं गेलं. मात्र प्रत्येक नकाराच्या तळाशी भीतीच असते असं धरून चालू नये. काहींचा आक्षेप खरोखर तत्त्वाचाच असतो, आणि त्यांच्यापुढे भीतीचं निदान ठेवलं तर तो अपमान होतो. मंगेशच्या बाबतीत मात्र पुरावा त्याच्याच तोंडून आला.

भीती मोघम आहे तोवर तिच्याशी बोलताच येत नाही, म्हणून तिला आकडे दिले. केंद्र सरकारच्या समितीने मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर घटना तपासल्या. त्यांत गुठळ्यांचा संशय २६ जणांच्या बाबतीत होता, म्हणजे कोविशील्डच्या दहा लाख डोसमागे ०.६१. लक्ष ठेवायचा काळ डोसनंतरचे २० दिवस. लक्षणं म्हणजे धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, थांबत नाही अशी डोकेदुखी किंवा पोटदुखी, सुईच्या जागेपासून दूर लाल ठिपके. मंगेशला पहिला डोस घेऊन चार महिने झाले होते. ही गुंतागुंत दुसऱ्या डोसनंतर आणखी विरळ असते, आणि या लशीचा तापही दुसऱ्या वेळी सहसा कमी येतो. “उशीर झाला, आता पहिल्यापासून घ्यावी लागेल का?” ही त्याची आणखी एक धास्ती होती. तसं नसतं, राहिलेला डोस पुढे घेता येतो.

इथे समुपदेशकाने थांबायचं असतं. दुसरा डोस घेता येईल का, याचं उत्तर डॉक्टरचं. त्याला तीन प्रश्न कागदावर लिहून फिजिशियनकडे पाठवलं: माझी ती धडधड कशाची होती, पहिल्या डोसची तीव्र ॲलर्जी होती का, आणि मला दुसरा डोस टाळण्याचं वैद्यकीय कारण आहे का. तोंडी विचारायला गेलेला माणूस दारातच निम्मं विसरतो. तिन्ही उत्तरं दिलासा देणारी आली.

तरी आईचा प्रश्न उरलाच होता. मंगेशचा युक्तिवाद असा: “तिने दोन डोस घेतलेत, मग माझा तिला धोका कसला?” निरोगी माणसाच्या बाबतीत यात थोडंफार तथ्य आहे. अवयव बदललेल्यांच्या गोळ्या मात्र लशीलाही शरीराची पुरती साथ मिळू देत नाहीत. त्यांच्यात अँटिबॉडी कमी तयार होतात, अनेकांत जवळजवळ होतच नाहीत. त्यामुळे अशा माणसाचं संरक्षण बरंचसं आजूबाजूच्यांवर अवलंबून असतं. दुसरी बाजूही त्याला सांगितली: लस घेतलेल्याकडूनही संसर्ग जातो, फक्त कमी, आणि हा फायदा काही महिन्यांत ओसरतो. ही गोष्ट लपवून “लस घे म्हणजे आई सुरक्षित” म्हटलं असतं, तर पहिला उलटा अनुभव येताच त्याचा सगळ्यावरचा विश्वास उडाला असता.

लस घेतली तरी घरात नियम हवेतच, आणि नाही घेतली तरी जबाबदारी सुटत नाही. मग डोसचा निर्णय पूर्णपणे मंगेशवर सोडला आणि घरासाठी वेगळा कागद केला, तो तिघांनाही सारखाच लागू. घशात खवखव किंवा ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. निकाल येईपर्यंत आजारी माणूस बेडरूममध्ये, दार बंद, खिडकी उघडी, आई हॉलमध्ये. संडास-बाथरूम एकच, म्हणून आजारी माणसाने शेवटी वापरायचं आणि नंतर अर्धा तास एक्झॉस्ट चालू ठेवायचा. आईला इन्सुलिन देताना दोघांच्या तोंडावर एन-९५. बाहेरून आलेल्याने आईसोबत जेवायला बसायचं नाही.

आठवड्यात कागद फसला. ताई थर्मामीटर घेऊन मागे लागली, दिवसातून पाच-सहा वेळा. मंगेश पुन्हा हट्टाला पेटला. एक ओळ वाढवली: ताईने रात्री एकदाच विचारायचं. तिच्या स्वतंत्र भेटीत वाक्यं बदलण्याचा सराव केला. “तुझ्यामुळे” हा निवाडा आहे, त्याला फक्त बचाव मिळतो. “मला आईची काळजी वाटते, स्वयंपाकघरात येताना मास्क लाव” ही विनंती आहे, ती पाळता येते. शिक्षिका असल्याने तिला हे चटकन समजलं, जमायला मात्र वेळ लागला.

लोकलच्या नियमाचं काय? अनेकांनी त्यामुळेच लस घेतली, हे खरं. मंगेशसारखे काही त्यामुळेच अडून बसले, हेही खरं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लससक्तीला आव्हान देणाऱ्या जेकब पुलियल खटल्यात निकाल दिला, आणि तेव्हापासून त्याचा अर्धाच भाग लोक ऐकवतात. घटनेच्या कलम २१ खाली शरीरावरचा हक्क मान्य, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, हा पहिला अर्धा. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण ती कायदेशीर, गरजेची आणि प्रमाणात हवीत, हा दुसरा. लस न घेतलेले लोक घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरवतात हे दाखवणारी माहिती राज्यांनी दिली नव्हती, म्हणून त्या वेळची बंधनं प्रमाणाबाहेरची ठरली. समुपदेशनात हा निकाल कोणाच्या बाजूने वापरू नये, पूर्ण वाचून दाखवावा.

डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात मंगेशने स्वतःहून स्लॉट घेतला. तयारी अशी: दुपारची कमी गर्दीची वेळ, पोटभर जेवण, मागच्या वेळचा अनुभव नर्सला आधी सांगणं, आडवं होऊन टोचून घेणं. नंतरच्या ३० मिनिटांत चार आकड्यांत श्वास आत, सहात बाहेर. पॅरासिटामॉल आधीच नाही, ताप आला तरच. नाडी दाखवणारं घड्याळ २४ तास कपाटात. सोबतीला मित्र, ताई नाही. ताप आला तो ९९.८.

जानेवारीत ओमिक्रॉनची लाट आली. घरात पहिली पॉझिटिव्ह निघाली ती दोन्ही डोस वेळेवर घेतलेली ताई. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सात दिवस बेडरूमचं दार बंद राहिलं, मंगेश बाहेरच्या स्टुलावर ताट ठेवत होता. आईची टेस्ट निगेटिव्ह आली. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज आला: “कागदावर ‘ताईने रात्री एकदाच विचारायचं’ असं लिहिलंय. मी किती वेळा विचारायचं ते लिहायचं राहिलंय.”