कास्टिंगची यादी ग्रुपवर टाकू नकोस

"ग्रुपवर १८० जण, तालमीला १२, आणि कास्टिंग लागल्यापासून एफवायची पोरं मेसेज बघून गप्प बसतात." कॉलेजच्या नाटकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दलचं तुझं हे वाक्य वाचलं आणि मला माझा २०१७ चा ऑगस्ट आठवला. पुण्यातल्या एका कॉलेजच्या नाट्यमंडळाचा मी सेक्रेटरी होतो, पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली होती. तालमीचं वेळापत्रक लाव, हजेरी ठेव वगैरे सांगत बसत नाही, ते तू करतच असशील.

मी काय माती खाल्ली ते सांगतो. रात्री पावणेबाराला कास्टिंगची यादी ग्रुपवर टाकली. अकरा नावं आणि खाली एक ओळ : 'बाकी सगळे बॅकस्टेज.' फोन चार्जिंगला लावला आणि झोपलो. सकाळी बघतो तर पाच जण ग्रुप सोडून गेलेले.

त्यातला पहिला आमचा नेपथ्यवाला. दोन वर्षं लेव्हल्स (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलणं, फ्लॅट (सेटच्या खोट्या भिंती) ठोकणं, टेम्पोवाल्याशी घासाघीस करणं, सगळं त्याच्यावर. यंदा त्याने तिसऱ्यांदा ऑडिशन दिली होती. त्याला रोल देण्यासारखं काम झालं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण यादी त्याला त्याच्या रूममेटने वाचून दाखवली, आणि त्या रूममेटला रोल होता! मी हॉस्टेलपासून दहा मिनिटांवर राहायचो. जाऊन सांगता आलं असतं. नाही गेलो, कारण समोरासमोर नाही म्हणायची हिंमत नव्हती. ग्रुप त्यासाठी फार सोयीचा असतो.

प्रयोगाच्या दिवशी दाराचा फ्लॅट मागून कुठे आवळायचा ते एकालाही धड माहीत नव्हतं. दार हलायला लागलं. शेवटी वडिलांचं काम करणाऱ्या पोराने अख्खा प्रवेश एक हात चौकटीला लावून केला. परीक्षकांना ती व्यक्तिरेखेची लकब वाटली असेल तर देव पावला. आम्ही अर्थातच अंतिम फेरीत गेलो नाही.

आता दुसरं दुखणं, ज्याचा तुझ्या '१२' या आकड्याशी जास्त संबंध असावा. संध्याकाळी सहानंतर हॉल वापरायला एका कार्यालयाची परवानगी लागायची. नाव घेत नाही. अर्ज दिला. 'साहेब मीटिंगमध्ये', 'साहेब रजेवर', आणि आठव्या दिवशी 'असा अर्जच आलेला नाही'. मी दुसरी प्रत घेऊन त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला नव्हता, त्यामुळे तोंड बंद. चिडचीड होते ती वेगळीच, पण खरं नुकसान असं की ते आठही दिवस मी ग्रुपवर 'उद्या नक्की मिळेल' लिहीत राहिलो. हडपसर, चिंचवडहून बस बदलून आलेली पोरं पायऱ्यांवर वडापाव खाऊन परत गेली. तिसऱ्या दिवसानंतर कोण येईल? 'परवानगी नाही, कधी मिळेल सांगता येत नाही, तोवर माझ्या खोलीवर वाचन' एवढं लिहिलं असतं तर निम्मे तरी टिकले असते.

माझं मत, पटलं तर घे. ग्रुप म्हणजे नोटीस बोर्ड. वेळ, जागा, काय आणायचं, बास. फक्त अ‍ॅडमिनने लिहायची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर २०१८ ला आली, आमच्या वेळी नव्हती. तू ती वापर. गप्पांना वेगळा ग्रुप कर आणि तिथे सेक्रेटरी म्हणून तोंड उघडू नकोस. नाही म्हणायचं असेल, कुणाला काढायचं असेल, कुणाचं चुकलं असेल, तर ते प्रत्यक्ष आणि एकट्याला सांगायचं. यादी लावण्याआधी, नंतर नाही. आणि पास होऊन गेलेल्यांना मुख्य ग्रुपमधून काढ. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हा मेसेज एकदा आला की एफवायवाले पुढचे चार दिवस काही लिहीत नाहीत. हो, माझ्यासारख्यांनाही काढ.

अर्थात हा सगळा अनुभव नाटकाचा. ट्रेकिंगवाले किंवा रोबोटिक्सवाले यांची भांडणं बहुतेक पैशांवरून होतात, तिथे माझा अभ्यास नाही. तरी जाता जाता : वर्गणी स्वतःच्या खात्यावर घ्यावी लागलीच तर प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाक. रंगाच्या डब्यावरून माझ्यावर संशय घेतला गेलाय.

तू लिहिलंयस की कॉस्च्युम बघणारी मुलगी यादीनंतर आलेलीच नाही आणि तू तिला 'काय झालं?' असा मेसेज केलायस. तो मेसेज तिने वाचला असणार. आता फोन कर. उचलला नाही तर तिचं लेक्चर कधी सुटतं ते विचारून वर्गाबाहेर जाऊन उभा राहा, आणि बरोबर कुणाला नेऊ नकोस.