५० इंची दोन जुने प्लाझ्मा टीव्ही मिळताहेत, एक ७६८ रेषांचा आणि एक फुल एचडी, म्हणजे १०८० रेषांचा. जाहिरातीत ६०० हर्ट्झ, २० लाखास १ कॉन्ट्रास्ट असंही लिहिलंय. फीचर्स बघून कोणता घेऊ?

६०० हर्ट्झ, २० लाखास १ कॉन्ट्रास्ट, फुल एचडी... तुम्ही लिहिलेत तसल्याच आकड्यांवरून २००९ साली माझं थोरल्या भावाशी वाजलं होतं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली प्लाझ्मा मळकट दिसत होता, शेजारचा एलसीडी नुसता लखलखत होता. दादा म्हणाला, "डोळ्यांना दिसतंय ना, मग वाद कसला?" त्याने एलसीडी घेतला, मी प्लाझ्मा. महिनाभराने तो आला तेव्हा मी मुद्दाम दिवे घालवून एक अंधारा सिनेमा लावला. चित्राच्या वरखाली काळ्या पट्ट्या येतात ना, त्या खोलीच्या काळोखात जवळजवळ विरून गेल्या. त्याच्या टीव्हीवर त्याच पट्ट्या राखाडी दिसायच्या, कारण एलसीडीच्या मागचे दिवे सतत जळत असतात. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका म्हणजे निऑन-झेनॉन वायूच्या बारीक कुप्या. त्या लागतील तेवढ्याच पेटतात. दादा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "अंधारात टीव्ही बघतं कोण?" मी बघतो. सिनेमा तसाच बघायचा असतो.

दोन वर्षांनी त्याची पाळी आली. बाबा दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावत आणि तिचा लोगो माझ्या प्लाझ्माच्या कोपऱ्यात कायमचा उमटला. "सांगितलं होतं," असं त्याने बाबांच्या देखत सुनावलं. पण घरी आणल्यापासून टीव्ही भडक चित्राच्या 'व्हिव्हिड' मोडवरच होता, कॉन्ट्रास्ट १००. तो मी बदलायला हवा होता. दादाला हे मी कधी सांगितलेलं नाही.

आता तुमचं. ६०० हर्ट्झ विसरा. सेकंदाच्या ६० चित्रांचे प्रत्येकी १० तुकडे, एवढाच तो हिशेब. सेकंदाला ६०० वेगळी चित्रं नव्हेत. पळती दृश्यं प्लाझ्मावर स्वच्छच दिसतात, हा आकडा नसला तरी. कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांतला फरक, प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजते, त्यावरून तुलना करूच नका. ७६८ की १०८०? बसायची जागा दोन मीटरच्या आसपास असेल तर फुल एचडी. तीन मीटरवरून ५० इंचात फरक ओळखता येत नाही. दादा यावरही भांडतो, पण टेप घेऊन मोजायला कधी बसत नाही. दोनपैकी एक पायोनिअरचा कुरो किंवा पॅनासॉनिकचा २०१३ चा व्हीटी६० असेल, तर मग आकडे बघायचंच कारण नाही.

पैसे देण्याआधी अख्खा पडदा एकाच रंगाचा करून बघा: पांढरा, मग लाल, मग निळा. उमटलेलं काही असेल तर तेव्हाच दिसतं.

आणि हो, प्लाझ्मा वीज खातो, तापतो, आणि समोर खिडकी असेल तर काचेत तीच दिसत राहते. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही. पॅनेल गेलं की टीव्ही गेला. घरात दिवसभर एकच वाहिनी लावणारं कुणी असेल, तर आणल्या दिवशीच 'सिनेमा' मोड लावा, कॉन्ट्रास्ट खाली आणा, आणि मगच रिमोट त्यांच्या हातात द्या.