ग्राइंडरला लाकडाचं पातं लावू का?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही पाथर्डी फाट्याला रो हाऊसमध्ये राहतो. मला पुस्तकांचं कपाट आणि गच्चीवर कुंड्यांसाठी स्टँड घरीच करायचाय. मिस्टरांचा 4 इंची ग्राइंडर पडून आहे, दुकानदार म्हणाला त्यालाच लाकडाचं पातं लावा, होतं काम. नवीन मशीन घ्यायचं तर एकाचंच बजेट आहे. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, ग्राइंडरला लाकडाचं पातं अजिबात लावू नका, हे आधी हात जोडून सांगतो. त्याला लाकडावर टेकायला खाली प्लेट नसते, मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फेरे मारतो आणि दातेरी पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून निसटून सरळ अंगावर येतं. हे मशीन घासायला आणि लोखंड कापायला केलेलंय.

मग राहिला मार्बल कटर, म्हणजे फरशी कापायचं छोटं मशीन. आपल्याकडचे सुतार सगळा प्लाय त्याच्यावरच कापतात, स्वस्त पडतो, हलका असतो, 18 एमएमचा प्लाय सहज कापतो. पण काप खोल जातो जेमतेम 30-32 एमएम, म्हणजे तुमच्या स्टँडचे 2 इंची पाय एका फेरीत कापायचे नाहीत, आणि कटर उचलला तरी खालचं पातं उघडंच फिरत राहतं, सुताराच्या हाताला त्याची सवय असते, तुमच्या नाही. म्हणून तुम्ही 7 इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची हातात धरायची विजेची करवत घ्या. खोली 60 एमएमच्या वर मिळते आणि खालचं गार्ड, म्हणजे पात्याचं झाकण, स्प्रिंगवर असतं, मशीन उचललं की आपोआप पात्यावर येतं. ह्या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे घालायला सांगेन.

सोबतचं पातं बहुतेक कमी दातांचं असतं, प्लायसाठी 40 किंवा 60 दातांचं वेगळं घ्या, आणि मधलं भोक आपल्या मशीनचंच आहे ना ते बघून घ्या. प्लायची चांगली बाजू खाली ठेवा कारण दात खालून वर येतात, चिपा वरच्या बाजूला उडतात. रेषेवर मास्किंग टेप लावली तर अजून बरं. पातं प्लायच्या खाली 5-6 एमएमच निघेल एवढीच खोली ठेवा.

आता खरं महत्त्वाचं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पोराने 8 बाय 4 फुटांची प्लायची शीट दोन स्टुलांवर टाकली आणि बरोबर मधोमध कापायला घेतली. अर्ध्यावर गेल्यावर शीट मध्ये लटकली, मागची फट मिटली, पातं चिमटलं आणि मशीन उसळून मागे आलं, त्याची पँट मांडीवर वीतभर फाटली, खाली फक्त खरचटलं हे नशीब. तेव्हापासून मी शीट जमिनीवरच कापतो, खाली चार लाकडी रिपा, रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे तुकडा पडला तरी दोन्ही भाग टेकलेलेच राहतात. वर सी क्लँपने अ‍ॅल्युमिनियमचा सरळ सेक्शन पक्का करा आणि मशीन त्याला चिकटवून चालवा, हाताने सरळ जात नाही, माझाही जात नाही.

मशीन 1200-1400 वॅटचं असतं, त्यामुळे 15 अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवू नका, तापते. गॉगल, मास्क हवाच. ओढणी काढून ठेवा, कापडी हातमोजे घालू नका, धागा ओढला जातो.

जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याचं मशीन, आत्ता नको, तो गोलाईसाठी आणि आतले खाचे काढायला, लांब सरळ रेषेत भरकटतो. आणि पूर्ण शीट तुमच्या जिन्यातून वर जाणारच नाही, तेव्हा दुकानात कापून देत असतील तर मोठे दोन काप तिथेच मारून घ्या, बारीक माप घरी.

गच्चीच्या स्टँडला मात्र आयएस 303 चा साधा प्लाय वापरू नका, आपल्याकडचा पाऊस बघता फुगेल तो. आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या, किंवा सरळ सागाच्या पट्ट्या, आणि कापलेल्या कडांना प्रायमर मारल्याशिवाय बाहेर ठेवू नका.