आधी त्याच्या घरी जा

प्रिय बाय,

तुझं पत्र बुधवारी मिळालं, दोनदा वाचलं. ३० रविवारांपैकी तो मुलगा १९ रविवार तुझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला आला. नियम ८० टक्क्यांचा, म्हणजे २४ भरायला हवे होते. म्हणून डिसेंबरात मिस्सेत पहिला ख्रिस्तप्रसाद, ती पवित्र भाकर, घेणाऱ्या मुलांच्या यादीतून तू त्याचं नाव काढलंस. त्याची आई येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, मुलाची वही घेऊन गेली. तेव्हापासून तुला झोप नाही. "सर, मी चुकले का?" असं विचारलं आहेस.

हिशेबात चुकली नाहीस. पण तुझ्या चार पानी पत्रात एक गोष्ट मला कुठे सापडली नाही. ते ११ रविवार तो होता कुठे?

मी तुझ्या वयाचा असताना आमच्या वाड्यावरच्या मंडळाचा चिटणीस होतो. दर महिन्याला थोडी वर्गणी, आणि कुणाच्या घरी मयत झालं की शवपेटी, बँड, कबरीचा खर्च मंडळाने उचलायचा. वर्षापेक्षा जास्त वर्गणी थकली तर मदत नाही, हा नियम मीच लिहिला होता, वळणदार अक्षरात. एका मासळीवालीचा नवरा गेला. तेरा महिने थकले होते. रात्री तिचा दीर दारात आला, तेव्हा मी वही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने वहीकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी मयत बँडशिवाय निघालं. सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर ती बाई आली, पदराची गाठ सोडून तिने टेबलावर नाणी मांडली, तेरा महिन्यांची, आणि म्हणाली, "पावती द्या." मी दिली. नाण्यांना मासळीचा वास येत होता. नवरा वर्षभर अंथरुणाला खिळून होता, हे मला ती गेल्यावर शेजारणीकडून कळलं. ज्या घरांसाठी आम्ही मंडळ काढलं होतं, त्यांतलंच एक घर मी मंडळाचा नियम दाखवून परत पाठवलं होतं. हे आजवर फक्त कुमसाराला, धर्मगुरूपुढे पाप कबूल करताना, बोललो आहे.

आता मत्तयाचं शुभवर्तमान काढ, नववा अध्याय. मत्तय जकातनाक्यावर बसलेला आहे. वहीचा माणूस. येशू त्याला बोलावतो, त्याच्या घरी पंक्तीला बसतो, नियम काटेकोर पाळणारे परूशी कुरकुर करतात, आणि येशू त्यांना होशेय संदेष्ट्याचं वचन ऐकवतो: 'मला दया पाहिजे, यज्ञ नको.' बाराव्या अध्यायात भुकेल्या शिष्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी कणसं मोडून खाल्ली म्हणून परूशी बोट दाखवतात, तिथे तेच वचन पुन्हा येतं. चार शुभवर्तमानांपैकी हे एकट्या मत्तयाने टिपून ठेवलं आहे, तेही दोनदा. मला वाटतं, जो स्वतः वही मिटून उठला होता त्यालाच ते इतकं लागलं असणार. पोप फ्रान्सिस यांनी आपलं बोधवाक्य घेतलं तेही मत्तयाच्या पाचारणावरच्या संत बीड यांच्या प्रवचनातून. येशूने त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि त्याला निवडलं, असा त्याचा भाव. आणि नवव्या अध्यायात त्या वचनाच्या आधी येशू काय म्हणतो बघ: जा, आणि याचा अर्थ शिका. शास्त्र तर परूशांना मुखोद्गत होतं. उठून जायचं तेवढं राहिलं होतं.

म्हणून नियम फेकून दे असं मी म्हणत नाही. हजेरीचा नियम चांगल्या मनानेच केलेला आहे: मुलाला आपण काय स्वीकारतो आहोत ते कळावं. पण नियम कशासाठी हे विसरलं की तो नुसता आडवा येतो. माझी आजी सांगायची, कुमगार, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, मग उन्हातून कितीही चालावं लागो. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असं ठरवलं, १९५७ साली तो तीन तासांवर आणला, १९६४ साली सहावे पॉल यांनी एका तासावर. आज धर्मसभेच्या कायद्यातलं ९१९ वं कलम म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तो तासही माफ करतं. आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही! ते शेवटचे शब्द मला फार आवडतात. कायदा लिहिताना कुणीतरी उशाशी जागत बसलेल्या माणसाचा विचार केला होता. १७५२ कलमांचं ते पुस्तक संपतं तेही आत्म्यांचं तारण हाच सर्वोच्च कायदा, असं म्हणून.

गोव्यात राहून तर आपण हे विसरता कामा नये. इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेत चुकणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, इथे १५६० साली आलं आणि १८१२ साली कायमचं गेलं. त्याच्या १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती घराने भात मिठाशिवाय शिजवू नये इथपर्यंत मनाई होती, कारण हिंदू तसा शिजवत. श्रद्धा राखायला निघालेला नियम भाताच्या हंडीत जाऊन पोचला. आणि याच मातीतले संत जुझे वाझ, जन्म बाणावलीचा. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेल्या श्रीलंकेत ते १६८७ साली गरिबाच्या वेषात उतरले. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळू लागले, तेव्हा ते त्यांच्यापाशी जात राहिले. त्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना स्वतःच्या हातांनी पुरलं.

एक मात्र नीट समजून घे, कारण इथे चांगली चांगली माणसं घसरताना मी पाहिली आहेत. दया म्हणजे काणाडोळा नव्हे. बायकोला मारणाऱ्याला 'जाऊ दे, माणूस आहे' म्हणणं, किंवा एखाद्या लेकराला कुणी त्रास दिला तर चर्चचं नाव जाईल म्हणून गप्प बसणं, ही दया नाही. जखम दुसऱ्याची आणि उदार व्हायचं आपण, असं चालत नाही. दयेची किंमत आपल्या खिशातून गेली पाहिजे. त्या रात्री तेरा महिन्यांची वर्गणी मी माझ्या पगारातून भरू शकलो असतो. नियमही राहिला असता, मयतही मानाने निघालं असतं. मला ते सुचलंच नाही.

तुझ्या बाबतीत ती किंमत म्हणजे ११ संध्याकाळी. चुकलेले ११ धडे तू त्याच्या घरी जाऊन शिकव. फादरना आधी जाऊन भेट, तसं स्पष्ट सांग आणि त्याचं नाव पुन्हा घालायची परवानगी माग. यादी अखेर त्यांची आहे. इतर पालक म्हणतील, आमची मुलं दर रविवारी आली ती काय वेडी? येशूच्या दाखल्यात उशिरा आलेल्यांनाही तेवढीच मजुरी मिळाली, तेव्हा द्राक्षमळ्यात सकाळपासून राबलेले मजूरही असंच म्हणाले होते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्या मुलांचं मनापासून कौतुक कर.

त्या मुलाच्या वाड्यावरच्या कितीतरी बायका रविवारी सकाळी कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत खोल्या साफ करायला जातात. ती आई त्यांतली असेल आणि मुलगा घरी धाकट्या भावंडाला सांभाळत असेल, तर ९१९ वं कलम आठव. असं नसेलही. मला माहीत नाही आणि तुलाही नाही, म्हणून तर जायचं आहे.

येत्या रविवारी चारनंतर जा, तोवर ती कामावरून परतलेली असेल. हजेरीवही घरी ठेव. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, वाटेत पोदेर, आपला पाववाला, भेटला तर चार गरम पाव घे. आधी तिची माफी माग, कारणं मागाहून विचार. आणि मुलगा दाराआड उभा राहिला तर त्याला प्रार्थना म्हणून दाखवायला सांगू नकोस. त्याच्याजवळ खाली बस.

तुझे,
सर