वाचकांचे प्रश्न : वर्गातल्या दोस्तीचा हिशेब

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं हायस्कूलच्या वर्गाबद्दल आहेत. त्यातली पाच घेतली. ज्यांची राहिली, त्यांना त्यांच्या प्रश्नाचा निदान एखादा तुकडा यात सापडावा.

प्रश्न : मुलगी नववीत गेली आणि तुकडी बदलली. आठवीपर्यंतच्या सगळ्या मैत्रिणी ‘अ’मध्ये राहिल्या, ही ‘क’मध्ये. ऑगस्ट उजाडला तरी डबा एकटीच खाते. “माझा स्वभावच असा आहे,” म्हणते. तिला समुपदेशकाकडे न्यावं का? (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

ताई, लगेच नको. आधी एक गोष्ट शोधून काढा. मुली तिला टाळतात, की त्यांच्या ती ध्यानातच येत नाही? वरवर दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे. 1982 साली कोई, डॉज आणि कोपोटेली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वर्गातल्या मुलांचे पाच गट पाडले : आवडती, नावडती, दुर्लक्षित, निम्म्यांना आवडणारी-निम्म्यांना खटकणारी आणि मधली. दुर्लक्षित मूल बहुधा जागा बदलली की सावरतं. नावडत्याचं तसं होत नाही, तिथे भांडण किंवा चिडवाचिडवी आधीच सुरू झालेली असते. ओळखायचं कसं? “आज तुझ्याशी कोण बोललं?” हे विचारू नका. “गटात काम करायचं म्हटल्यावर तुला कुणी घेतलं, की बाईंनी घातलं?” असं विचारा. घेतलं जात असेल आणि डब्यालाच ती एकटी पडत असेल, तर प्रश्न वेळेचा आहे.

आता तो वेळ मोजू. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाचा 2018 मधला अभ्यास सांगतो की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास सोबत लागते, चांगल्या मैत्रीला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. अभ्यास तिकडच्या प्रौढांवर आणि कॉलेजच्या मुलांवर झालेला, म्हणून आकडे तंतोतंत धरू नका, अंदाजाला घ्या. त्यातली कामाची गोष्ट अशी की वर्गात किंवा कामावर नाइलाजाने शेजारी बसलेला वेळ या हिशेबात फारसा धरला जात नाही. गप्पांचा, खाण्याचा, हिंडण्याचा वेळ धरला जातो.

शाळेत असा वेळ किती? मधली सुट्टी आणि छोटी सुट्टी मिळून आठवड्याला जेमतेम साडेतीन तास. या गतीने 50 तासांना 14 आठवडे लागतात. शाळा जूनच्या मध्याला उघडली, म्हणजे सप्टेंबर सरेपर्यंत ती एकटी असणं हिशेबाला धरूनच आहे. त्यात ती डबा कोपऱ्यात बसून खात असेल, तर हे साडेतीन तासही शून्य. क्लासला जाता-येता एका मुलीची सायकल सोबतीला मिळाली (वीस मिनिटं जायची, वीस यायची, आठवड्याचे सहा दिवस), तर आणखी चार तास पडतात आणि 14 आठवड्यांचे सात होतात.

म्हणून करायचं एवढंच : ‘क’ तुकडीतली आणि तुमच्याच वाटेवरची एक मुलगी शोधा. एकच. चौघींच्या जमलेल्या घोळक्यात पाचवीने शिरणं फार अवघड, एकटीदुकटी असलेलीशी जमतं. दोघींची क्लासची वेळ एक करून घ्या. डब्यात वाटता येईल असं काहीतरी जास्तीचं द्या. चिवडा चालेल, आमटी-भात नाही, तो वाटला जात नाही. आणि ‘अ’मधल्या मैत्रिणींशी रविवार तोडू नका. जुन्या मैत्रिणी आहेत हे माहीत असलेली मुलगी नव्यांकडे जाताना कमी घाबरते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरही हेच राहिलं, किंवा आत्ताच ती शाळेला जायला नको म्हणते, पोट दुखतं म्हणते, जेवण-झोप बिघडली आहे, तर मात्र थांबू नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आठवीचा वर्गशिक्षक आहे. पट 56. फुटबॉलच्या हंगामात वर्गाचे दोन तट पडतात, काही पाटाकडीलवाले, काही दिलबहारवाले (कोल्हापुरातल्या दोन तालमींचे संघ). मॅचच्या दुसऱ्या दिवशी बाकं सुद्धा वेगळी. शिक्षा करून पाहिली, समजावून पाहिलं. कोण कुणाचा मित्र, हेच आम्हाला नीट कळत नाही. (एक शिक्षक, करवीर तालुका)

सर, शेवटचं वाक्य खरं कामाचं. वर्ग आपल्याला कळतो असं वाटणारे शिक्षक मोठ्याने बोलणाऱ्या दहा मुलांवरून 56 जणांचा अंदाज बांधतात.

याला जुनं आणि स्वस्त साधन आहे. जेकब मोरेनो यांनी 1930 च्या दशकात रूढ केलेली समाजमिती, म्हणजे वर्गात कोण कुणाला निवडतं याची मोजणी. साहित्य : वहीचा पाव कागद प्रत्येकी एक, आलेखाचा मोठा कागद, पेन्सिल. वेळ पंधरा मिनिटं. दिवस मॅचच्या लगतचा नको, नाहीतर तुम्हाला वर्गाऐवजी कालचा निकाल दिसेल.

दोन प्रश्न फळ्यावर लिहा. “सहलीच्या बसमध्ये शेजारी कोण बसावं?” आणि “विज्ञानाचा प्रकल्प कुणाबरोबर करशील?” प्रत्येकाला तीन-तीन नावं. प्रश्न दोन अशासाठी की मजेचा सोबती आणि कामाचा सोबती एकच असतो असं नाही. नावं आडनावासकट लिहून घ्या. वर्गात तीन प्रथमेश असतात आणि चिठ्ठीत “पप्या” आला की तुम्ही संपलात. गैरहजर मुलांची नावंही लिहिता येतील हे सांगा आणि त्यांच्या चिठ्ठ्या ते आल्यावर घ्या. चिठ्ठ्या मॉनिटरला गोळा करायला लावू नका, तो वाचतो. “कोण आवडत नाही?” हे कधीही विचारू नका. मधल्या सुट्टीत त्याची चर्चा होते आणि जो दबलेला आहे तो आणखी दबतो.

मग आलेख कागदावर तक्ता करा. डावीकडे खाली निवडणारे, वर आडवे निवडले गेलेले, 56 बाय 56. प्रत्येक निवडीला एक खूण. एका प्रश्नाच्या 168 खुणा होतात, म्हणजे सरासरी माणशी तीन. उभ्या रकान्यांची बेरीज घ्या. शून्य आलेली मुलं आधी बघा, त्यातली दोन-तीन नावं तुम्हाला चकवतील. आठाच्या वर असलेला मुलगा वर्गाचा पुढारी, मग तो मॉनिटर असो वा नसो. ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘अ’ला निवडलं असेल तिथे गोल करा, ती खरी जोडी.

तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात मोलाच्या खुणा म्हणजे एका तटाकडून दुसऱ्या तटाकडे गेलेल्या. त्या थोड्याच असतात, पण बहुतेक वर्गांत असतात. कुणी एकाच वाडीतला, कुणी एकाच केएमटी बसने येणारा. बसच्या प्रश्नात नसतील तर प्रकल्पाच्या प्रश्नात शोधा. ही पुलावरची मुलं. त्यांना “दोन्हीकडे समजूत घाल” असं सांगू नका, दोन्ही तट त्यांना फितूर म्हणतील. त्यांच्या शेजारी बाकं मांडा, बस्स. नवी बैठक लावताना प्रत्येकाला त्याने निवडलेलं निदान एक माणूस जवळ ठेवा. सगळ्यांची सरसकट पांगापांग केली की मुलं सुट्टीत दुप्पट जोराने एकत्र येतात. आणि चिठ्ठी लिहून बैठकीत काहीच बदल झाला नाही, तर पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही.

तटांवरचा दुसरा इलाज मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात केला. तिथे गोऱ्या-काळ्या-मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग नुकतेच एकत्र झाले होते आणि हाणामाऱ्या चालू होत्या. रीत अशी, तुमच्या 56 जणांना लावून : पाच-पाचचे दहा गट, एक सहाचा. धड्याचे पाच तुकडे. समजा विषय शाहू महाराज. एकाला 1902 चा पन्नास टक्के जागांचा जाहीरनामा, दुसऱ्याला 1917 चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, तिसऱ्याला वसतिगृहं, चौथ्याला राधानगरी धरण, पाचव्याला खासबाग मैदान आणि कुस्ती. एकच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. परीक्षा पाचही तुकड्यांवर, पण प्रत्येकाची वेगळी. धरण दिलबहारवाल्याकडे आहे म्हटल्यावर त्याचं ऐकावंच लागतं.

फसतं कुठे? आधी पक्कं करून घ्यायची पायरी गाळली की अभ्यासात मागे असलेला मुलगा चौघांपुढे उघडा पडतो आणि तट राहतात बाजूला, तोच बळी जातो. आणि एका तासात हे मावत नाही. जोडतास घ्या, दर आठवड्याला एक, निदान सहा आठवडे. एकदा करून सोडलं तर तो फक्त गोंधळाचा तास.

प्रश्न : मोबाईलवर स्वभावाची चाचणी दिली, मी अंतर्मुख आले. सोळातला एक प्रकार आहे म्हणे. माझ्या बेस्ट फ्रेंडचा प्रकार माझ्याशी जुळत नाही. मैत्री टिकेल का? (इयत्ता दहावी)

टिकेल. अंतर्मुख-बहिर्मुख हे शब्द मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये रूढ केले, पण मोजायला गेलं की बहुतेक माणसं मधोमध पडतात. तीच चाचणी महिन्याने पुन्हा दे, प्रकार बदलला तर नवल नाही. तुमची दोघींची बाकाची जागा बदलली तर जास्त फरक पडेल.

प्रश्न : मुलगा सोळाचा. घरी एक शब्द बोलत नाही, संध्याकाळ सगळी तालमीच्या कट्ट्यावर. परवा कळलं, मित्राच्या गाडीवरून रंकाळ्याला शर्यत लावतात. संगत कशी तोडू? (एक वडील, शिवाजी पेठ)

दादा, संगत तोडायला जाऊ नका, गाडी तोडा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी 2005 मध्ये 306 जणांना पडद्यावरचा गाडीचा खेळ दिला : 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या पुढचे. मित्र शेजारी बसले की पोरांनी घेतलेला धोका वाढायचा, मोठ्यांच्यात तो फरक जवळपास नव्हता. म्हणजे तुमचा मुलगा बेदरकार आहे असं नव्हे, कट्टा बघतोय म्हणून तो वेग घेतो. त्याला एकट्याला बसवून केलेला उपदेश त्याला पटतोही. संध्याकाळी टिकत नाही.

कायदा त्याला तोंडपाठ सांगा. सोळाव्या वर्षी गिअर नसलेल्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचाच परवाना मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा पोरांना दंडापेक्षा जास्त लागतो. हे त्या मित्राच्या वडिलांच्या कानावरही घाला, गाडी त्यांची आहे.

कट्ट्याला मात्र नावं ठेवू नका. तिथल्या तीन मित्रांची पूर्ण नावं आणि घरचे नंबर तुमच्याकडे हवेत. रविवारी त्यांना मिसळीला घरी बोलवा, वाढून झालं की आतल्या खोलीत जा. घरी मुका असलेला मुलगा मित्रांपुढे बोलतो, भिंतीपलीकडून का होईना तुम्हाला त्याचा आवाज ऐकू येईल.

प्रश्न : आमची 1999 ची दहावीची बॅच. व्हॉट्सॲप ग्रुपवर 74 जण, बोलतात दहा. गेट-टुगेदर दोनदा ठरलं आणि मोडलं. एकदा वर्गणीवरून, एकदा जुन्या टोपणनावावरून भांडण झालं. (चौघे संयोजक)

माणसं चाळिशीच्या पुढे गेली तरी ग्रुपमध्ये शिरली की दहावीचा बाक धरतात. तेव्हाचा मॉनिटर आजही सूचना टाकतो, मागचे मागेच बसतात. म्हणून बोलणाऱ्या दहांनी ठरवू नका. न बोलणाऱ्या 64 जणांना चौघांनी सोळा-सोळा वाटून फोन करा, मेसेज नको. तीनच प्रश्न : कोणत्या दिवशी जमेल, काय खाता, बॅजवर कोणतं नाव हवं. तिसऱ्या प्रश्नात टोपणनावाचं भांडण मिटतं. ज्याला “ढब्बू” चालतो तो स्वतः सांगेल. वर्गमैत्रिणींना माहेरचं आडनाव लिहू का हेही विचारा, नाहीतर निम्म्यांना कुणी ओळखत नाही.

दिवस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा. पुण्या-मुंबईचे गावात असतात, सासरी गेलेल्या माहेरी आलेल्या असतात. वार मात्र बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे आणि माळकरी आधी मोजा, मग तांबडा-पांढऱ्याचं ठरवा. मटण माणशी पाव किलो, चाळीस खाणारे असतील तर दहा किलो. शाकाहारी चूल वेगळी आणि पंगत एकच.

वर्गणी सगळ्यांना सारखी आणि कमी, फक्त जेवण-हॉलपुरती. वरचा खर्च ज्याला द्यायचा तो खजिनदाराकडे गुपचूप देईल. देणगीदारांची यादी ग्रुपवर पडली की पुढच्या वेळी वीस माणसं गळतात. खजिनदार दोन, त्यातली एक वर्गमैत्रीण.

कार्यक्रमाचा जीव जातो तो ओळखपरेडीत. साठ जण, प्रत्येकी दोन मिनिटं, झाले दोन तास, आणि प्रत्येकजण हुद्दा सांगतो. ती गाळा. टेबलं शाळेला यायच्या वाटेप्रमाणे लावा : फुलेवाडीकडून येणारे एका टेबलाला, कळंब्याकडून येणारे दुसऱ्या. जे तेव्हा सोबत चालत आले, त्यांचं बोलणं माईक लागायच्या आत सुरू होतं. गुरुजनांचा सत्कार अर्ध्या तासात, जेवणाच्या आधी. जे वर्गमित्र गेले, त्यांची नावं त्यांच्या घरच्यांना विचारून वाचा, फोटो लावायचा की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोसकट.